गाडीखालचा गाळ

सांगलीच्या बाजारात हळद घेणारा माणूस हळकुंडाच्या वरच्या पिवळेपणावर विसंबत नाही. पॉलिश केलेले हळकुंड सुंदर दिसणारच. तो ते मोडतो आणि आतला रंग पाहतो. तीन पिढ्या या बाजारात अडतीचे दुकान चालवणाऱ्या एका घरात मात्र एक वस्तू अशी होती, की जिच्या वरच्या चकाकीवर सगळे घर पन्नास वर्षे समाधानी राहिले होते. ती म्हणजे आप्पांनी 1975 साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी.

त्या काळी मोटार घेणे म्हणजे आगाऊ रक्कम भरून नंबर लावणे आणि वर्षानुवर्षे वाट पाहणे. आप्पांनी वाट पाहिली ती फियाटचीच. अँबॅसडर ऐसपैस असते, पोती टाकायलाही बरी, असे बाजारातल्या चार जणांनी सुचवले होते. पण कुर्ल्याचा कारखाना वालचंद हिराचंदांचा, सोलापूरच्या आपल्या माणसाचा, हे आप्पांच्या दृष्टीने पुरेसे कारण होते. वालचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने तेथे गाड्या होऊ लागल्या, आणि 1964 साली आलेली 1100 डिलाइट हीच गाडी थोड्याफार फरकाने 1974 पासून पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. वालचंद 1953 सालीच गेले. म्हणजे पद्मिनी त्यांनी पाहिली नाही. पण सांगलीत त्यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि त्याच्या दारावरून जाताना आप्पा गाडीचा वेग जरा कमी करीत, असे घरात हसत हसत सांगितले जाई.

आप्पा 2012 साली गेले. गाडी दोघा भावांच्या सामाईक मालकीची राहिली आणि सामाईक वस्तूंचे जे होते तेच तिचे झाले. दोघेही तिला पुसत होते, चालवत कोणीच नव्हते. तिला पन्नास वर्षे पूर्ण झाली तेव्हा पुण्याच्या एका संग्राहकाने ती साडेचार लाखांना मागितली. पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपातील गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, त्यामुळे अशा गाड्यांना अलीकडे मागणी आहे. धाकट्या भावाने फोनवर व्यवहार ठरवला, पन्नास हजार इसार घेतला. संग्राहकाने एकच गोष्ट दोनदा विचारली होती: “सांगलीची गाडी आहे, पुराच्या पाण्यात होती का?” धाकट्याने ठामपणे सांगितले, की थेंबही लागलेला नाही. 2019 साली गाडी उंच भागातल्या नव्या बंगल्यात होती, आणि 2005 साली ती मिरजेला होती, असे आप्पांनी स्वतः सांगितलेले घरातल्या सर्वांना आठवत होते.

माल द्यायचा तर झाडून-पुसून द्यावा, या जुन्या सवयीने थोरल्या भावाने गाडी मिरजेच्या मिस्त्रींकडे नेली. मिस्त्री पंचाहत्तरीचे. आप्पांच्या गाडीला हात लावणारे तेच एक. आता गॅरेज त्यांचा मुलगा पाहतो. पण ही गाडी आली म्हणताच म्हातारा खाटेवरून उठून आला. थोरल्यांचा पुण्यातला मुलगा म्हणत होता, की हल्ली गाडीखालचा मळ कोरड्या बर्फाचा मारा करून काढतात. गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचे दाणे, उणे साडेअठ्ठ्याहत्तर अंश तापमानाचे, हवेच्या जोराने पत्र्यावर आदळतात, त्यांचा तिथेच वायू होऊन जातो आणि मागे पाण्याचा थेंबही राहत नाही. पद्धत खरोखरच उत्तम आहे. पण थोरल्यांनी ती नको म्हटले. आप्पांच्या गाडीला मिस्त्रींखेरीज कोणी हात लावू नये हे त्यांनी दिलेले कारण. खर्च वाचत होता, हे न दिलेले.

काम सुरू झाले ते मात्र कोणालाही शिकण्यासारखे होते. मिस्त्रींनी पहिल्या दिवशी गाडीखाली कोणाला जाऊच दिले नाही. बॅटरीची वायर काढली, पेट्रोल उपसले, मागची टाकी उघड्या अंगणात उतरवून दूर नेऊन ठेवली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती गॅरेजच्या खड्ड्यात पाण्यासारखी साचून राहते आणि एका ठिणगीची वाट पाहते. शेजारच्या तालुक्यात कोणाचे काय झाले ते त्यांनी सांगितले. मग गाडी सपाट काँक्रीटवर घेऊन जॅकने उचलली आणि चारी बाजूंना लोखंडी स्टँड लावले. “जॅक उचलायला असतो, झोपायला नाही,” ते म्हणाले. थोरल्यांनी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने एकदम सगळे धुऊन टाकण्याचे सुचवले, तेव्हा म्हाताऱ्याने मान हलवली. मळ ओला झाला की चिखल होतो आणि पाणी सांध्यांत शिरते. आधी कोरडे खरवडायचे, धुणे शेवटी.

पुढच्या भागापासून आरंभ झाला. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या खाली तेलात मुरलेल्या धुळीचा दोन बोटे जाड थर होता. तो लाकडी खरवडणीनेही वड्यांसारखा सुटत गेला. या गाडीचे ऑइल सील नेहमीच गळत असे आणि आप्पा त्याबद्दल नेहमीच कुरकुरत. डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने शेवटचा काळा पापुद्रा पुसला तेव्हा आतून कारखान्यात लावलेला मूळ रंग जसाच्या तसा निघाला. पत्र्यावर गंजाचा एक ठिपका नाही. पन्नास वर्षे ज्या गळतीला दोष दिला तिनेच पत्र्याला अभ्यंग घालून ठेवले होते. थोरल्यांना फार आनंद झाला. त्यांनी फोटो काढून धाकट्याला पाठवला, धाकट्याने तो संग्राहकाला पाठवला. निघालेला मळ मिस्त्रींच्या मुलाने जुन्या डब्यांत भरून झाकून ठेवला. गटारात जाऊ दिला नाही, हे आवर्जून नोंदवण्यासारखे.

मागच्या भागात आजूबाजूच्या गाड्यांना हेवा वाटावा असे अंडरकोटिंग होते. दर दोन-तीन वर्षांनी, मृगापूर्वी, आप्पा गाडीच्या पोटाला काळा डांबरी लेप देववीत. थर चढत चढत तो कुठे कुठे पाव इंचाचा झाला होता आणि वरून पाहता अभेद्य वाटत होता. हा लेप काढण्याची रीत वेगळी. मिस्त्रींनी तोंडाला चांगला मास्क आणि डोळ्यांना गॉगल लावायला लावले, आणि ग्राइंडर काढू दिला नाही. जुन्या काळच्या अशा काही लेपांत ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेले असत. कोरडा लेप घासून त्याची धूळ उडवणे म्हणजे छातीशी वैर. गरम हवेच्या गनने एकेक वीतभर जागा तापवायची. कमी तापवली तर लेप दगडासारखा तुटतो, अधिक तापवली तर धूर येतो आणि तो चिकटून बसतो. दोहोंच्या मध्ये एक क्षण असा येतो, की खरवडणी घातली म्हणजे भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी पट्टी अलगद उठते. तो क्षण म्हाताऱ्याला वासावरून कळत होता. दिवसाला दोन-अडीच फूट जागा मोकळी होई. थोरले दुकान मुलाच्या हवाली करून रोज दुपारी तिथे येऊन बसू लागले आणि तिसऱ्या दिवसापासून स्वतःच पोत्यावर उताणे पडून खरवडू लागले. साठीतल्या माणसाची मान आणि खांदे यांनी काय म्हणावे ते म्हटले.

चौथ्या दिवशी डाव्या मागच्या चाकापुढची पट्टी निघाली आणि तिच्याबरोबर पत्राही निघाला. लेपाच्या आतल्या अंगाला गंजाचे तपकिरी पदर चिकटून आले होते. मिस्त्रींनी लहान हातोडी घेऊन ठोकायला सुरुवात केली. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. दाराखालच्या उंबऱ्याची पोकळी मागच्या निम्म्या भागात बद्द वाजत गेली. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नसते; पत्र्याच्या बंद पोकळ्या एकमेकींना जोडून तयार झालेले अंग हाच तिचा सांगाडा. मागचे कमानपाटे जिथे अडकवलेले असतात त्या जागेशीच गंज पोचला होता. अशी गाडी रस्त्यावर दिसायला देखणी दिसते, पण खड्ड्यात आदळली तर तिचे मागचे चाक जागेवर राहीलच असे सांगता येत नाही.

असे का व्हावे? लेप नवा असतो तेव्हा तो पाणी बाहेर ठेवतो. वर्षे गेली की डांबर कडक होते, तडकते, केसाएवढ्या भेगेतून पाणी आत ओढले जाते, आणि मग तोच लेप पाणी आत धरून ठेवतो. गंज लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून लेप आतून उचलला जातो आणि आणखी पाणी घेतो. हळदीच्या व्यापाऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. हरिपूरच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे, कारण तोंड बंद आणि आत कोरडे. 2005 च्या महापुराचे पाणी पेवांत शिरले तेव्हा त्याच बंदपणाने घात केला. आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट नव्हती.

पेवांची आठवण थोरल्यांना आली ती पुढच्या दिवशीच्या प्रकारामुळे. उंबऱ्याचा कुजलेला पत्रा कापताच आतून माती गळू लागली. रस्त्याचा चिखल चाकांनी उडून येतो, त्यात खडी असते, वाळू असते, आणि तो चाकांच्या कमानीत बसतो. ही माती तशी नव्हती. मैद्यासारखी चाळलेली, काळपट, बंद पोकळीत सपाट थराने निजलेली. आणि पोकळीच्या आतल्या भिंतीवर, एका ठराविक उंचीवर, फिकट आडवी रेघ होती. कृष्णाकाठच्या माणसाला ती रेघ कोणी समजावून द्यावी लागत नाही. तिथल्या जुन्या घरांच्या भिंतींवर तशा रेघा आहेत आणि लोक त्यांना वर्षांची नावे देतात.

“मिस्त्री, ही गाडी पाण्यात होती.”

म्हातारा खड्ड्याच्या कडेला बसला. बराच वेळ हातातली हातोडी खाली ठेवीना. मग म्हणाला, “होती. पाणी उतरल्यावर टो करून माझ्याकडे आणली. आठ दिवस धुतली, वाळवली. आप्पा म्हणाले, पावसाळा अजून आहे, काळा लेप द्या. मी दिला.” आणि जरा थांबून, “उंबऱ्याच्या तळाला पाणी जायची भोकं असतात, दादा. गाळानं बुजलेली होती. ती उघडायच्या आधीच मी वरून लेप मारला. घाई होती. भोकं मीच बंद केली.”

गाडी त्या दिवसांत मिरजेला होती, हे आप्पांचे बोलणे शब्दशः खरे होते. फक्त ती पुराआधी गेली नव्हती, पुरानंतर गेली होती. आप्पांनी खोटे काही सांगितले नव्हते. ऐकणाऱ्यांनी जो अर्थ घेतला तो त्यांनी दुरुस्त केला नव्हता. थोरल्यांना त्या संध्याकाळी जेवण गेले नाही.

रात्री त्यांनी माळ्यावरून 2005 सालच्या वह्या उतरवल्या. आप्पांची कीर्द दिवाळीच्या वहीपूजनापासून पुढल्या दिवाळीपर्यंत एका दिवसाचाही खंड न पडता लिहिलेली असे. पुराच्या दिवसांत अक्षर थोडे बिघडले होते, इतकेच. एका पानावर ट्रकभाडे आणि हमाली होती. रात्रीतून किती पोती वरच्या गोदामात हलवली ते होते, आणि प्रत्येक आकड्यापुढे ज्या शेतकऱ्याचा माल त्याचे खाते. दुकानाच्या स्वतःच्या मालाची नोंद त्या रात्री नव्हती. ती दोन दिवसांनी खाली नुकसानखाती पडलेली होती. त्यापुढच्या पानावर, घरखर्चात, एक ओळ: पुराचे पाणी गाडीत, मिस्त्री, धुलाई व काळा लेप, रुपये 2,850. घरात जे तोंडाने सांगितले नाही ते वहीत स्वच्छ लिहिलेले होते. वीस वर्षे वही माळ्यावर होती आणि कोणी उघडली नव्हती.

आप्पांनी घरात का सांगितले नाही, याचे उत्तर वहीत नव्हते. कदाचित आईच्या बांगड्या मोडून गाडीचा पहिला हप्ता उभा केला होता, हे त्याचे उत्तर असेल. आईही आता नाही.

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ गॅरेजमध्ये समोरासमोर आले. धाकट्यांचा स्वभाव वाईट नव्हे. दुकानाची उधारी तेच गोड बोलून वसूल करतात. पण त्यांनी शब्द दिला होता आणि तो मोडला तर आपण खोटे ठरू, याची त्यांना धास्ती होती. ते म्हणाले, “दादा, गंजलेला पत्रा बदलू, वरून पुन्हा काळा मारू. मिस्त्रींचं काम पक्कं असतं. मला ठाऊक नव्हतं तेव्हा मी बोललो, त्यात पाप काय? आणि आप्पांनीसुद्धा तेच केलं.”

“आप्पांनी गाडी विकली नव्हती,” थोरले म्हणाले.

“म्हणजे?”

“लपवलं ते स्वतःच्या घरापासून. त्याचे कुणाकडून पैसे घेतले नाहीत.”

धाकटे काही बोलले नाहीत. गाडीभोवती एक फेरी मारून ते निघून गेले आणि दोन दिवस दुकानातही दोघांचे बोलणे चिठ्ठ्यांवर चालले. एकत्र धंदा करणाऱ्या भावांना हे दिवस परिचयाचे असतात. बाहेरून दुकान नेहमीसारखे चालू असते, गिऱ्हाइकाला काही कळत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी धाकट्यांनीच पुण्याला फोन लावला. आपण सांगितले ते चुकीचे निघाले, गाडी 2005 साली पाण्यात होती, इसार परत घ्यायचा असेल तर आजच पाठवतो, एवढेच ते बोलले. आवाज मात्र उधारी मागतानासारखा गोड नव्हता.

संग्राहक रविवारी आले. माणूस पन्नाशीचा, कपड्यांची तमा नसलेला. नमस्कार झाल्याबरोबर पोते अंथरून गाडीखाली शिरला आणि अर्धा तास बाहेर आला नाही. खालून फक्त हातोडीचा आवाज येत होता: खण, खण, बद्द. बाहेर आल्यावर त्याने पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की त्याने घेतलेल्या मागच्या दोन गाड्या नव्या कोऱ्या काळ्या लेपाखाली होत्या आणि दोन्हींची पोटे सहा महिन्यांत फाटली. उघडा पत्रा दाखवणारे घर त्याला प्रथमच भेटत होते. अर्थात तोही व्यवहारच करायला आला होता. साडेचार लाख आता नाहीत, हे त्याने दुसऱ्याच वाक्यात सांगितले. उंबरे आणि कमानपाट्याच्या जागा नव्या पत्र्याने वेल्डिंग करून पूर्ण होऊ द्याव्यात, प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेवावेत, भाव त्यानंतर बसून ठरवू. इसार तोवर राहू द्या. धाकट्यांनी कागद मागवला आणि स्वतःच्या हाताने पहिली ओळ लिहिली, की ही गाडी सन 2005 च्या महापुरात पाण्यात उभी होती. लिहून झाल्यावर त्यांनी तो आधी दादांपुढे सरकवला.

वेल्डिंगला तीन आठवडे गेले. जुना गंज खरवडून, झिंक प्रायमर देऊन, वर पातळ रंग चढला. पोकळ्यांच्या आत मिस्त्रींनी या वेळी डांबर घातले नाही, तुपाच्या रंगाचे पातळ मेण फवारले. त्यातून आतला पत्रा दिसतो, गंज धरला तर तोही दिसेल. शेवटच्या दिवशी म्हाताऱ्याने ड्रिल मागवला आणि उंबऱ्याच्या तळाची भोके मोजून मोजून, एकेक स्वतः मोकळी केली. मुलाला हात लावू दिला नाही. मग तांब्याभर पाणी वरून पोकळीत ओतले आणि गुडघे टेकून खाली वाकून पाहू लागला. डाव्या अंगाच्या चारही भोकांतून धार लागली. उजव्या अंगाला तिघांतून पाणी आले, चौथे कोरडे राहिले. थोरल्यांनी सायकलच्या चाकाची जुनी तार पुढे केली. म्हाताऱ्याने ती भोकात घालून दोनदा फिरवली, काढली, पुन्हा घातली, आणि धाकट्यांना म्हणाला, “अजून एक तांब्या आणा.”